मेंढरांची फिर्याद

आबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आईला वाटतं मी मोठी अधिकारी आहे, तिला हे सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी पाचवीत होते. कोकणातून मेंढरं घेऊन परतताना एका पहाटे जाळीच्या कुंपणातली अकरा मेंढरं गायब होती. मला सोबत घेऊन तुम्ही वाटेवरच्या एका पोलीस ठाण्यात गेलात. सकाळपासून ऊन कलेपर्यंत आपण व्हरांड्यात उभे. शेवटी आतून कुणी तरी विचारलं, "मेंढरांवर तुमचं नाव लिहिलंय का?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि ते मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. परत येताना तुम्ही म्हणालात, "आपल्यातल्या एकाला तरी ह्ये लिवता आलं पायजे."

म्हणून मी सांगलीच्या कॉलेजात गुन्हेशास्त्र घेतलं. म्हसवडच्या बाजारात लोक तुम्हाला विचारायचे, "पोरगी चोर धरणार व्हय?" तुम्ही म्हणायचात, "चोर न्हाई, फिर्याद लिवणार." पहिल्या वर्षाच्या फीला मेंढे गेले, दुसऱ्या वर्षी घोडी. घोडी गेली त्या साली अख्खं बिऱ्हाड आईनं डोक्यावर वाहिलं. मला कुणी सांगितलं नाही. सुट्टीत तिच्याजवळ झोपले तेव्हा मानेला चोळलेल्या मलमाचा वास आला, म्हणून विचारलं. त्याच महिन्यात पीडितांच्या हक्कांवरच्या माझ्या उत्तराला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते.

पुढं पोलीस भरतीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि साताऱ्यात एका खाजगी कंपनीत लागले. कारखान्यांत नोकरीला येणाऱ्या माणसांवर मागं काही खटला आहे का, ते तपासून रकान्यात खूण करायची, एवढंच काम. गावात तुम्ही सांगितलंत, पोरगी पोलिसात हाय. मी ते कधी खोडलं नाही.

आणि मग तो दिवस. गेटवरच्या माणसाचा फोन येतो, मी खाली जाते, तर तुम्ही आणि आत्या. तुमच्या खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. आत्याची मेंढरं चोरीला गेलेली, चोरांना आडव्या गेलेल्या तिच्या लेकाचा हात मोडलेला.

"लिवून घेत न्हाईत गं," तुम्ही म्हणता. "आमची हद्द न्हाई म्हणत्यात. तू निस्ती संगं चल. तुला कायदा ठावं हाय."

माझ्या ऑफिसातल्या दोघी चहा पिऊन परत येत होत्या. मी घाईनं म्हणाले, "आबा, माझं काम वेगळं आहे. ते माझ्या हातात नाही. आणि आता मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती.

"व्हय, व्हय. तू जा," तुम्ही म्हणालात. "आमी थांबतो की. मीटिंग झाल्यावर ये." जिन्यात एकीनं विचारलं, "कोण गं?" मी म्हणाले, "गावाकडचे आहेत."

वरच्या खिडकीतून तुम्ही दिसत होतात. समोरच्या लिंबाखाली आत्यानं भाकरी सोडली, तुम्ही दोघांनी खाल्ली. मग तुम्ही गेटकडे तोंड करून बसून राहिलात. मला वाटलं कंटाळून जातील. तीन वाजले, चार वाजले. पाच वाजता मी मागच्या गेटनं बाहेर पडले.

तुम्ही कधी उठलात, कुठली गाडी मिळाली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. आईकडून कळलं, तुम्ही आत्याला वाटेत म्हणाला होतात, "पोरीला लय काम आसतं." वर्षाच्या आत तुम्ही गेलात. आत्याचं प्रकरण कुठंच लिहिलं गेलं नाही.

गेल्या महिन्यात आत्याची सून आली. परत तेच, चौदा मेंढरं. या वेळी मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर ठाण्यात गेले. तिथला हवालदार म्हणाला, "ही आमची हद्द नाही." मी म्हणाले, "नसू दे. आधी लिहून घ्या, मग ज्यांची हद्द त्या ठाण्याला पाठवा. कायद्यात तसंच आहे. तोवर आम्ही बसतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागद ओढला आणि लिहायला घेतलं. पाऊण तास लागला. मेंढरं मिळतील की नाही कुणास ठाऊक, पण फिर्यादीची प्रत घेऊन ती रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, तुमी हुता म्हून झालं."

मला तिच्याकडे बघवेना. मेंढे, घोडी, आईची मान, हे सगळं ज्यासाठी गेलं ते एवढंच होतं, दोन वाक्यं आणि पाऊण तास बसणं. कमी नाही ते, आबा. ती वाक्यं शिकायला सांगलीलाच जावं लागलं. पण तुम्ही लिंबाखाली बसला होतात त्या दिवशीही ती दोन वाक्यं मला पाठ होती.

हे पत्र कुठं पाठवणार? आणि तुम्ही असतात तरी ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. सुट्टीत मी अभ्यासाला बसले की तुम्ही शेजारी येऊन माझ्या वहीकडे बघत राहायचात. मी वही थोडी सरकवून धरायचे, नीट दिसावी म्हणून. तुम्हाला अक्षर शिकवावं, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.