त्याला काय हवंय ते माग

आई,

आज रविवार आहे. उपासनेहून आलो, भात लावला आणि हे लिहायला बसलो. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. पुढे शाळा सुटलीच, त्यामुळे कागद घेतला की अजूनही ऱ्हस्वदीर्घाची धास्ती वाटते आणि एकेक ओळ दोनदा वाचून बघतो. पण जे विचारायचं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येणार नाही, कारण ती रीत तुझी होती.

पंचवटीतल्या आपल्या भाड्याच्या खोल्या मला नीट आठवतात. सहा बिऱ्हाडांत एक नळ. आपण तिथले एकटे ख्रिस्ती. कोपऱ्यावरच्या काकू तुझ्यामागून नंबर आला की तोटी राखेने घासायच्या, दोन तांबे पाणी सोडून द्यायच्या आणि मग स्वतःचा हंडा लावायच्या. तू घरात येऊन हंडा असा आदळायचीस की मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या. आणि मग आपण जेवायला बसतो, तू डोळे मिटतेस आणि म्हणतेस, "प्रभू, काकूंच्या मुलीचं लग्न जमू दे." मी एकदा मध्येच बोललो होतो, "आई, त्यापेक्षा काकूंना सुधार असं माग ना." तू डोळे उघडलेस. मी चोरी केली असती तरी तू तसं बघितलं नसतंस. म्हणालीस, "ती चहाडी झाली. देवाजवळ जाऊन कुणाची चहाडी करायची नाही. तिला काय हवंय ते माग. तिनं स्वतः मागितलं असतं, ते."

"पण तुला त्या आवडतात का?"

"नाही आवडत. आवडायला पाहिजेत असं कुणी म्हटलंय? जेव आता."

छळणाऱ्याचं भलं चिंतावं, हे पाळकसाहेब वर्षातून दोनदा तरी सांगायचे. सगळी मंडळी मान डोलवायची. पण ते चिंतायचं कसं, हे मला तुझ्या ताटासमोर कळलं. पुढे त्या मुलीचं लग्न जमलं. मांडव थेट आपल्या दारापर्यंत आला आणि बोलावणं तेवढं आलं नाही. जिलेब्यांचा वास घरभर होता. तू वरण वाढत म्हणालीस, "चला, ते झालं. आता त्यांच्या पाठदुखीचं बघू." काकू शेवटपर्यंत नळ घासत राहिल्या. त्यांचं मन वगैरे काही पालटलं नाही. तू मात्र हंडा हळू ठेवायला लागलीस.

आता माझं सांगतो. पिंपळगावला द्राक्षं परदेशी पाठवायच्या आधी खोक्यांत भरतात, तिथे मी तिसऱ्या हंगामाला आहे. बायका कात्रीने घडातले खराब मणी काढतात, घड भरतात आणि शेवटच्या टेबलावर मी प्रत्येक खोकं तपासतो. याआधी दोन ठिकाणांहून मला काढलं, फार वेळ लावतो म्हणून. इथे वेळ लावणं हेच काम आहे. मला जमेल असं दुसरं काम अजून सापडलेलं नाही, म्हणून ही जागा मला किती लागते ते तुला कळेल.

तिथला सुपरवायझर मला फादर म्हणतो. "ओ फादर, द्राक्षं तपासायलाय का त्यांचं पाप ऐकायलाय?" बायका हसतात, मलाही कधीकधी हसू येतं. पण महिन्यापूर्वी शीतगृहातून एक खोकं परत आलं. त्यावर माझा शिक्का नव्हता, मी न बघताच ते गेलं होतं. त्याने ऐकून न घेता सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. वर म्हणाला, "कर की आता दुसरा गाल पुढं. तुमच्यात हाय ना तसं?" कात्र्या थांबल्या. एक म्हातारी मावशी तेवढी बोलली, "मारू नको रं, लय जपून करतं ते पोरगं." मी गाल पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही. कान गरम झाला होता आणि मी पुढचं खोकं ओढलं.

त्या रात्री तुझी रीत आठवली. पण त्याला काय हवंय हे मला कुठे माहीत होतं? आठवडाभर धीर गोळा केला आणि चहाच्या सुट्टीत सरळ विचारलं, "साहेब, तुम्हाला काय पाहिजे?"

"का रं, देतो का?"

"देत नाही. मागायचंय, तुमच्यासाठी."

तो आता थट्टा करील असं वाटलं, पण त्याने केली नाही. "मेव्हणा घरी बसून हाय," म्हणाला. "बायको घास गोड लागू देत नाय. त्याला हितं चिकटवायचाय. पण जागा एकच हाय, फादर. तुझी."

आई, काकूंना जे हवं होतं ते तुझ्या घरातलं नव्हतं. याला हवं ते माझंच आहे. तेव्हा काय करायचं, हे तू सांगितलं नव्हतंस.

मी वाट काढली. त्याचा गुडघा दुखतो, म्हणून रोज गुडघ्यासाठी मागू लागलो. ती पळवाट आहे हे मला कळत होतं. सोमवारी तो मेव्हण्याला घेऊनच आला. "याला शिकव," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. पोरगा माझ्याच वयाचा, जरा घाबरट. घड मुठीत धरायचा. मी त्याची बोटं देठावर नेऊन ठेवली. सगळं दाखवलं, एक गोष्ट सोडून. झाकण लावण्याआधी मी खोक्यावर वाकून वास घेतो. आत एखादा मणी जरी फुटलेला असला तरी आंबूस येतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि तिथे दुसरं कुणी करत नाही. पाच दिवस मी त्याच्याकडे पाठ करून वास घेतला. काल त्याचं एक खोकं तसंच पुढे जाताना बघितलं आणि राहवलं नाही. म्हटलं, "थांब, इकडे ये, वाक." त्याने वास घेतला आणि दचकून माझ्याकडे बघितलं. "लय भारी, दादा," म्हणाला. पुढच्या हंगामाला आमच्यातला एकच राहणार आहे, हे त्यालाही माहीत आहे.

हे मी प्रेमाने केलं की खराब खोकं जाऊ देणं मला जमतच नाही म्हणून केलं, हे मला सांगता येत नाही. तू म्हणाली असतीस, हे कुणी विचारलंय?

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहितो. आज उपासनेत सगळ्यांसमोर मोठ्याने सुपरवायझरचं नाव घेतलं आणि त्याच्या मेव्हण्याला ती जागा मिळू दे असं मागितलं, गुडघ्याचं नाव न काढता. मग सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी अजून म्हटलेलं नाही.