हातांना येणारा वास

दादा,

तू वारलास, तेव्हापासून धातूला मुलामा द्यायचं तुझं दुकान मी चालवतोय. काम कुणी शिकवलं नाही, पण खोट काढून दाखव! आईचा हा विसरण्याचा आजारही मी स्वतःच वाचून समजून घेतला. मेंदूत थोडं तांबं असतंच, ते लागतंही. पण ते प्रथिनाच्या एका बारीक तुकड्याला चिकटलं, की अशा तुकड्यांच्या गुठळ्या व्हायला हातभार लागतो, असं संशोधक म्हणतात. मी दिवसभर तांबं हवं तिथे बसवतो. तिच्या डोक्यात ते नको तिथे बसतंय.

माझ्या हातांना आता तुझ्या हातांचा वास येतो, म्हणून ती मला तूच समजते. "थोरल्या, जेवलास का रे?"

एकदा मी हात साबणाने खसखसून धुतले आणि तिच्यासमोर बसलो. म्हटलं, आता तरी मला ओळखेल. ती भिंतीकडे सरकली. "तुम्ही कोण? माझ्या मुलाला बोलवा."

तेव्हापासून हात नुसते पुसून आत जातो.

आज तिने विचारलं, "धाकट्याला का आणत नाहीस? रुसलाय का माझ्यावर?"

"नाही गं, कामात अडकलाय," मी तुझ्या आवाजात म्हणालो. "येईल."

ती दाराकडे बघत राहिली. मग मीही बघू लागलो.

तुझा,
अजून घरी न पोचलेला धाकटा