बिनडोक्याचं हरीण

६ नोव्हेंबर
तीन जोड गेले! लोकरी बुरणुसाच्या साध्या सपातांना महिनाभर कुणी बोट लावलं नव्हतं. त्या महागड्या बुटांच्या कंपनीचं उडतं हरीण वर शिवलं मात्र, पोरंटोरं तुटून पडली! हरणाला डोकं दिलं नाही. जिवंत प्राण्याचं अख्खं चित्र काढणं पाप. डोकं नसलं की नुसती नक्षी.

आमचे हे, जोलचुबेक, म्हणाले, "आणि दुसऱ्याची खूण चोरणं?"

म्हटलं, पाप डोक्यात असतं. याला डोकंच नाही.

नवरा असून माझ्या विनोदावर हसले.

९ नोव्हेंबर
शेजारच्या ओट्यावर माझ्याहून धाकटी बुरुल मोजे विकते. मला एजे, म्हणजे ताई म्हणते. दिवसभर टोमणे — "एजे, नमाज पाच वेळा, चोरी सहाव्यांदा!" जळते मेली. तौबा, 'मेली' मागे घेतलं.

१४ नोव्हेंबर
हिवाळ्याचा कोळसा आला. हरणाने ओढून आणला म्हणायचं!

२० नोव्हेंबर
बाजार समितीचा निरोप. उद्या राजधानीहून, बिश्केकहून कंपनीचा माणूस येतोय. खोटी हरणं सापडली तर ओटा जप्त! सासूबाईंचा ओटा. त्यांच्या हातचा, माझ्या हातून जाणार. लपवावं, तर बुरुलचं तोंड कोण शिवणार?

२१ नोव्हेंबर
आला. नाक लाल, पायात तेच पातळ हरीणवाले बूट, थंडीने नाचतोय. सपात उचलून ओरडला, "हे तर आमचं हरीण!" मग उलटी केली, सुलटी केली. "याचं डोकं?"

"आमच्यात देत नाहीत."

पाय ओट्यावर ठेवून बूट अन् सपात शेजारी धरून पाहिलं. मग फोनवर — "नाही साहेब, डोकंच नाही… नाही हो, एकालाही नाही!" अख्खा बाजार खिदळला. शेवटी 'जुळत नाही' लिहिलं आणि एक जोड विकत घेऊन तिथेच पायांत घातला! जाताना कार्ड दिलं — "एजे, उद्या कुणी तुमची नक्कल केली तर फोन करा. नक्षीची नोंद होते."

माझी नक्कल! कोण करतंय? कार्ड मात्र छान जाड आहे. सुया टोचून ठेवल्या. अल्हम्दुलिल्लाह, ओटा वाचला.

२८ नोव्हेंबर
बुरुलच्या ओट्यावर आज मोजे नाहीत. सपाता. वर हरीण — बिनडोक्याचं!! वर मलाच म्हणते, "पाप डोक्यात असतं ना, एजे?" हे जोलचुबेकही गावभर काय काय सांगत फिरतात!

घरी येऊन कार्डातल्या सुया काढल्या. भोकं पडलीत, पण नंबर वाचता येतोय.