चोवीस तास पाणी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. संगमेश यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. साऱ्या बचतीतून जुळे सोलापुरात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेण्याचा तुझा विचार समजला. दलाल मल्लेश याने आठ टक्के परतावा आणि चोवीस तास पाणी यांची हमी दिल्याचेही कळले. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. त्यामुळे तू परताव्यापेक्षा पाण्यालाच भुललास, असे माझे नम्र मत आहे.

परतावा काढताना वर्षाच्या भाड्यातून देखभाल, घरपट्टी आणि घर रिकामे राहील त्या महिन्यांचे भाडे वजा करावे. उरेल त्यास मुद्रांक शुल्कासह झालेल्या एकूण खर्चाने भागावे. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय विसार देऊ नये. मी स्वतः जाऊन पाहीन. घर पारखण्याची तुझ्या काकूची एक रीत होती, तीही अवलंबीन. ती असती तर मला कोणी पाठवले नसते.

चि. सौ. श्रीदेवीस आशीर्वाद. तुमच्या खुशालीवर माझी खुशाली अवलंबून आहे, हे ध्यानी असू द्यावे.

शिवलिंगप्पा

पुणे, ९ नोव्हेंबर

ती. काकांस संगमेशचा शि. सा. न. वि. वि.

मल्लेशचा फोन आला होता. अगदी रडवेला झाला होता. म्हणाला, गिऱ्हाइकं टेप आणतात, वास्तुवाले होकायंत्र आणतात, तुमच्या काकांनी कुकर अन् शेगडी आणली. लई अवघड माणूस हाय की! पुढं काय झालं विचारलं तर विषय बदलतो. काका, टाय लावून गेला होतात म्हणे? श्रीदेवीचं हसू थांबेना.

मी मात्र धास्तावलोय. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. १७ तारखेपर्यंत विसार दिला नाही तर फ्लॅट हातचा जाईल. घ्यायचा की नाही, तेवढं कळवा. खानावळीचा डबा वेळेवर येतो ना?

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

आपला,
संगमेश

सोलापूर, १३ नोव्हेंबर

चि. संगमेश यास अ. उ. आशीर्वाद.

विसार देऊ नये.

टाय लावला होता. व्यवहारास जाताना तो असावा. तुझ्या काकूची रीत अशी, की घर घेण्यापूर्वी तेथील पाण्यात तुरीची डाळ शिजवून पाहावी. तिने तीन घरे याच परीक्षेत नापास केली होती. फ्लॅटमध्ये सहा शिट्ट्या झाल्या, डाळ शिजली नाही. शेजारच्या निंगव्वाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, की बोअरचं पाणी चोवीस तास हाय, पर लई जड. आमी डाळीपुरतं माहेराहून आणतो, भाडेकरू कुटनं आणतील? तीन महिन्यांवर कोणी टिकत नाही, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे तुझे आठ टक्के रिकाम्या महिन्यांतच संपले.

डाळच जुनी आहे, असा आक्षेप मल्लेशने घेतला. आक्षेप रास्त होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच डाळ आपल्या घरी, नळाच्या पाण्यात, त्याच्या साक्षीने शिजवली. तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. त्याने हार मानली. नळाची जोडणी असलेले दुसरे घर तो दाखवणार आहे आणि कुकर स्वतःच्या स्कूटरवर नेणार आहे.

तुझी काकू गेल्यापासून या स्वयंपाकघरात ती पहिलीच शिट्टी होती.

आठवणीत ठेवावे, एवढेच मागणे.

शिवलिंगप्पा

ता. क. पुन्हा तीच डाळ लावली आहे. फोडणीत मोहरी आधी की जिरे, हे श्रीदेवीस विचारावे. पत्र पाठवू नये, फोन करावा. मल्लेश ताटावर बसला आहे.