जे येत होतं ते

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहितो. तू कंपनी काढलीस तेव्हा किती विनवलं होतंस! "दादा, नोकरी सोड, माझ्याकडे ये. वाहत्या गंगेत हात धुवून घे." मी म्हटलं, शहराचं पाणी सोडणारी यंत्रणा कुणीतरी सांभाळायला हवी ना.

काल तुझीच माणसं आमच्या कंट्रोल रूममध्ये आली. आता तुमची प्रणाली सगळं आपोआप करणार. साहेब म्हणाले, "यांना सगळं समजावून द्या, मग तुम्ही मोकळे." कोणता व्हॉल्व्ह उन्हाळ्यात अडतो, कोणत्या वस्तीत पाणी चढत नाही, सगळं सांगितलं. मुद्दाम चुकीचं सांगावं असं मनात आलं होतं; पण नळ लोकांचे कोरडे पडले असते, तुझे नाही.

तुझी वहिनी म्हणते, "अहो, भावजींना एक फोन तरी करा." मी फोन उचलला आणि ठेवून दिला. तू नोकरी देशीलही, रे. पण "दादा, तुला काय काय येतं?" असं विचारलंस तर काय सांगू? जे येत होतं, ते तुझ्या माणसांना देऊन बसलोय.

तुझा,
दादा