रोलमधली पहिली फ्रेम

१३ एप्रिल १९९७, रविवार. बारामती.

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं गेलं होतं. रोल आत असताना, भर उजेडात. दुजोरा खुद्द पांडुरंगाचा. सुमनचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. शेळगावहून सकाळच्या एसटीने आला, चहा नको म्हणाला, पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

तेराव्याला बहिणीचा फोटो हवा. आतला रोल काढून निमगाव केतकीच्या स्टुडिओत द्यायचा, असा त्याचा बेत. त्याच्या नव्या कॅमेऱ्यात रोल आपोआप मागे गुंडाळला जातो. माझ्या जुन्याला दांडी हाताने फिरवावी लागते. झाकण उघडल्यावर फिल्म उघडी पसरलेली दिसली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

'किती वेळ उघडं होतं?'

'लगीच झाकलं, दाजी. पर पडवीत ऊन हुतं.'

राग आला नाही. बहीण जाऊन आठवडाच झालाय. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, आबांना सांगू नका. आबा म्हणजे त्याचे वडील, माझे सासरे. म्हटलं, नाही सांगत.

संध्याकाळी न्हाणीघरात अंधार करून रोल मागे गुंडाळला. डबीत घालून झाकण लावलं. डबीवर काही लिहिलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार.

जयंतीच्या मिरवणुकीची बातमी दिली. सु. गेल्यानंतरची पहिली. मजकूर सरळ उतरला. इतक्या वर्षांची सवय, हात आपला चालतो.

रोलवर काय काय आहे ते एकदा मांडून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

पहिल्या फ्रेमवर सु. पाटी घेऊन. पाटीवर रोलचा नंबर आणि तारीख. पुढच्या सगळ्या फ्रेम धूमकेतूच्या. शेळगावला आबांच्या रानातून, ३० मार्चच्या संध्याकाळी. रोल अर्धाच झाला होता. पुढच्या रविवारी पुरा करू म्हणून कॅमेरा आणि तो ज्यांवर बसवतो त्या फळ्या तिथेच ठेवून आलो. पुढच्या रविवारी ती गेली.

पहिल्या फ्रेमची पद्धत जुनी. सुरुवातीला पुण्याच्या एका लॅबमध्ये रोल धुवायला देत असे. आकाशाच्या फिल्मवर एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कापणाऱ्याला कळत नाही. त्याने मृगनक्षत्र मधोमध कापून दिलं. तेव्हापासून पहिला फोटो उजेडातला, माणसाचा. तिथून मोजत जायचं. पुढे मी धुणं घरीच सुरू केलं, कापण्याचा प्रश्न उरला नाही. पण सु.ने पद्धत मोडू दिली नाही. म्हणायची, 'तुमच्या ग्रहताऱ्यांच्या आधी माझा नंबर.'

आणि तरी तिचा एकही फोटो धड नाही. लेन्सचा फोकस अनंतावर फिरवून वर चिकटपट्टी मारलेली असते, अंधारात हलू नये म्हणून. ताऱ्यांसाठी ते बरोबर. चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाचं मात्र धुकं होतं. आतापर्यंतच्या सगळ्या रोलांवर ती आहे आणि सगळीकडे धुकं आहे. पाटीवरचा नंबरसुद्धा अंदाजाने वाचायचा.

३० मार्चला म्हणाली, 'आज ती पट्टी काढा. धूमकेतू काय, हजारो वर्षांनी का होईना, परत यायचाच आहे. मला एकदा नीट घ्या.'

काढली. कुंकवावर फोकस धरला. डोळे उघडे होते की ऊन लागून मिटले होते, ते

१५ एप्रिल, मंगळवार. शेळगाव.

दहावा. ओढ्याकाठी सगळं नीट पार पडलं.

दुपारी पडवीत बायका बसल्या होत्या. सु.ची आत्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की शेंडीचा तारा घरावर आला आणि पोरीला घेऊन गेला, आणि हे दोघं तर त्याचं फोटू काढत बसले होते. कुणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही. लोकांना कारण लागतं. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण, मेंदूत रक्तस्राव, ते कुणाला कारण वाटत नाही. मला तरी कुठे वाटतं.

आबा भिंतीला टेकून बसले होते. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, निम्मं आयुष्य उघड्यावर झोपले. बहिणीला म्हणाले, 'जन्मभर तारं बघितलं म्या. तारा कुणाला न्हेत न्हाय. चूल बघ, दूध उतू चाललंय.'

दूध खरंच उतू चाललं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार. शेळगाव.

तेरावा. फोटो ठेवला तो लग्नातला. घोळक्यातून सु.चा चेहरा तेवढा उचलून निमगावच्या स्टुडिओवाल्याने मोठा केला. मूळ चेहरा नखाएवढा. मोठा केल्यावर नाकडोळे विरले, म्हणून त्याने ब्रशने भुवया काढल्या, ओठ काढले. बिचाऱ्याने मन लावून केलंय. फोटोतली बाई छान आहे. सु. नाही.

आबांनी हार घालायला हात वर केले आणि तसेच थांबले. पांडुरंगाकडे वळून, 'ही कोन हाय?'

पां. रडायला लागला आणि रडता रडता सगळं बोलून गेला. रोल, झाकण, ऊन. मांडवात माणसं जेवत होती. आबा ऐकत राहिले. मग हार घातला, फोटोवरून हात फिरवला, पंगतीत वाढायला गेले.

निघताना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. एवढंच विचारलं, 'पावनं, त्या डब्यात पोरगी हाय का?'

म्हटलं, सांगता येत नाही.

२० एप्रिल, रविवार. बारामती.

सांगता येत नाही, हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

मागे कारखान्याच्या सभेत कुणीतरी माझा कॅमेरा असाच उघडला होता. शेवटी शेवटी काढलेले फोटो जळाले, सुरुवातीचे वाचले. फिल्म पुढे सरकते तशी फिरकीवर गुंडाळत जाते. आधी काढलेलं आत, नंतरचं वर. ऊन वरच्या वेढ्यांवर पडतं. पहिली फ्रेम सगळ्यात आत. तिच्यावर अख्खा धूमकेतू गुंडाळलेला होता.

म्हणजे धूमकेतू गेला, हे धरून चालायचं. ती वाचली असण्याची शक्यता आहे. नुसती शक्यता. पडवीतलं ऊन कडक असतं, आणि 'लगीच' म्हणजे नेमकं किती हे पां.ला स्वतःलाही सांगता येत नाही. कडेने उजेड आत शिरतो. चेहऱ्यापर्यंत पोचला असेल, नसेल.

पुण्याहून संपादकांचा फोन. आधी सांत्वन. मग अडखळत, रविवारच्या पुरवणीला धूमकेतूचा फोटो मिळणार होता, त्याचं काय. खराब झाला म्हटलं. महिनाअखेरपर्यंत दिसेल ना, पुन्हा बघा जमलं तर, घाई नाही. इतक्या वर्षांत हा माणूस मला घाई नाही असं प्रथमच म्हणाला.

२२ एप्रिल, मंगळवार.

पौर्णिमा. चांदण्यात धूमकेतू नुसता पुसट.

आज रोल धुवायचा ठरवलं होतं. पाणी तपासलं. टाकीचं पाणी या दिवसांत अंघोळीलासुद्धा गरम. असल्या पाण्यात फिल्मवरचा थर सुटून येतो. माठाचं पाणी बर्फाने आणखी थंड करून घेता आलं असतं, दर उन्हाळ्यात तेच करतो. बर्फ आणायला गेलो नाही. औषधाची पावडर जुनी वाटली, नवी आणावी म्हटलं. दुकान उघडं होतं. आणली नाही.

वेळेवर मजकूर देण्यात माझी आजवर चूक नाही. हा रोल मात्र नऊ दिवस फळीवर पडून आहे. धुतला नाही तोवर ती आत आहे. धुतल्यावर असेल किंवा नसेल. आज एवढंच.

घरात दोघंच होतो, मूलबाळ नाही. आता सकाळी चहा किती टाकायचा ते कळत नाही. दोन कप होतो, एक ओततो.

२६ एप्रिल, शनिवार. शेळगाव.

आता चंद्र उशिरा उगवतो. धूमकेतूसाठी आलो, असं स्वतःला सांगितलं.

फळ्या गोठ्यात होत्या तशाच. दोन फळ्या, दाराची बिजागरी, मधे आटे पाडलेली सळई. वरच्या फळीवर कॅमेरा. खालून सळई थोडी थोडी फिरवायची, म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर सरकतो आणि ताऱ्यांच्या रेघा होत नाहीत. मी फिरवायचो आणि सु. घड्याळ बघून 'फिरवा' म्हणायची. सलग, न कंटाळता. एकदा घरी झोपेत 'फिरवा' म्हणाली होती. सकाळी कबूल करेना.

नवा रोल घातला. दिवस कलत होता. पहिल्या फ्रेमसाठी कॅमेरा हातात घेतला आणि समोर नुसता बांध. तसाच एक बांधाचा घेऊन मोकळं व्हावं, असं वाटलं. तेवढ्यात आबा पाटी घेऊन आले. पाटी कुठून काढली कुणास ठाऊक. वर काही लिहिलेलं नव्हतं.

'हितंच हुबी ऱ्हायची ना?'

'हो.'

'हसायचं असतंय का?'

'तसं काही नाही, आबा. जसं वाटेल तसं.'

ते हसले नाहीत. पट्टी काढून फोकस केला. मग परत अनंतावर लावायला बराच वेळ गेला, माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यातून सगळंच अनंतावर दिसत होतं.

धूमकेतू वायव्येला, आता खाली आलाय. शेपटी आखूड झाली. पां. घड्याळ घेऊन बसला. आधी घाईघाईने म्हणायचा, मग विसरायचा. मधेच, 'दाजी, ताईला ह्याचा कटाळा येत नव्हता व्हय?' म्हटलं, यायचा, पण सांगायची नाही. पुढे त्याला लय सापडली. अंधारात तो 'फिरवा' म्हणे आणि मी फिरवी. दोनचार वेळा हात थांबला. तो पुन्हा म्हणाला, 'फिरवा.'

जेवताना आबांनी विषय काढला. डब्यातला फोटो धुवायचा म्हणजे काय करतात? सांगितलं. अंधाऱ्या खोलीत फिल्म डब्यातून काढून दुसऱ्या बंद भांड्यात भरायची, मग औषधाची पाणी एकामागून एक. त्यांनी भाकरी बाजूला ठेवली.

'दवाखान्यात मला आत सोडलं न्हाय. काचंच्या दाराभाईर बसून ऱ्हायलो. आत काय झालं ते नर्सबाईनं सांगितलं तवा कळलं.' मग, 'ह्या बारीला मी आत बसनार.'

त्यात दिसण्यासारखं काही नसतं, काळोख असतो, म्हटलं.

'आसूं द्या की. काळुखाला मी कवा भ्यालोय.'

मी म्हटलं, आबा, रोलमध्ये काही नसलं तर? सगळं काळं निघालं तर?

'तर काळं बघू. पर दोघं मिळून बघू. तुमी येकट्यानं बघू नका.'

पां. ताटावरून न जेवता उठला. आबांनी त्याला हाक मारून परत बसवलं आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी घातली.

२८ एप्रिल, सोमवार. बारामती.

पावडर आणली. परवाचा धूमकेतूचा रोल आधी धुतला, हात बसावा म्हणून. पाच फ्रेम बऱ्या आहेत, बाकीच्यांत तारे रेघाळले, माझा हात थांबला त्या जागा ओळखू येतात. पहिल्या फ्रेमवर आबा, रिकामी पाटी छातीशी धरून. कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता येतात.

एक प्रत पुरवणीला पाठवली. सोबत चार ओळी. सु.चं नाव त्यात घातलं होतं, फोटोसाठी साहाय्य म्हणून. मग खोडलं. मग परत लिहिलं. तसंच पाठवलं.

३० एप्रिल, बुधवार.

उद्या सुट्टी. आबा आणि पां. सकाळच्या एसटीने निघणार, निमगावला गाडी बदलून इथे. बर्फ पां. इथल्या स्टँडबाहेरून घेणार, लाकडाच्या भुशात बांधून. माठ भरून ठेवला. न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद केली, वरून घोंगडी लावली. दाराच्या फटीतून अजून थोडा उजेड येतो. फोनवर आबांना सांगितलं (सरपंचांकडे फोन करून बोलावून घ्यावं लागलं), तर म्हणाले, दार मोडकं आसूं द्या, आतनं पाठ लावून मी बसतो.

भांड्यात फिल्म भरून झाकण लागलं की दार उघडता येतं. मग औषधं, मग पाणी. ओली फिल्म बाहेर काढून उजेडात पहिल्यांदा बघायची ती साधारण दुपारच्या जेवणाआधी. आबांची नजर दूरची चांगली आहे, जवळचं दिसत नाही. निगेटिव्हवर चेहरा नखाएवढा, तोही उलटा, केस पांढरे आणि चेहरा काळा. म्हणजे काय आहे, काय नाही, ते मलाच बघून त्यांना सांगावं लागेल.