फुगडीला वॉर्मअप लागत नाही

२७ जुलै, रविवार
आमच्या गल्लीच्या भजनी मंडळानं मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेत नाव घातलं. स्पर्धा १७ ऑगस्टला. कॅप्टन मी, एकमतानं. विजयमाला गप्प होती, पण गप्प म्हणजे होच. ही समोरच्या घरातली, माहेर वैरागचं. बोलते जास्त, फुगडी बरी घालते. शेवटची फुगडी रिंगणाच्या मधोमध असते आणि ती कॅप्टननं घालायची असते. म्हणजे मी.

सूनबाई अपेक्षा शाळेत पीटी शिकवते. अकलूजची. लग्नाआधी खोखो खेळायची, ते अजून अंगातून गेलेलं नाही. म्हणाली, आई, खेळाआधी वॉर्मअप करायचा, घोटे-गुडघे मोकळे करायचे, नाहीतर दुखापत होते. मी शांतपणे समजावलं की हा खेळ नव्हे, देवीची सेवा आहे. सेवेत दुखापत होत नसते. शिवाय जन्मभर उकिडवी बसून ज्वारीच्या भाकरी थापल्या, तो वॉर्मअप कुठं गेला.

संकल्प: रोज सराव. विजयमालाला जास्त बोलू द्यायचं नाही.

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. चुलीवर तवा ठेवायचा नव्हता, त्यामुळे वेळच वेळ. देवळाच्या सभामंडपात पहिला सराव. अपेक्षानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. चांगल्या घरच्या बायका हवेत घोटे फिरवत होत्या, जागच्या जागी उड्या मारत होत्या. विजयमालाच्या सगळ्यांत उंच. मी खांबाशी बसून जप केला. अंग माझंही तापलं, हे बघून.

मग मी आणि विजयमाला फुगडीला. फार सुंदर वेग आला. ती सारखी म्हणत होती, वहिनी, दमानं घ्या की. मी दमानं घेणाऱ्यातली नव्हे. उजवा पाय आत वळला आणि घोट्यात टक्क वाजलं. सगळ्या थांबल्या. मी म्हटलं, बांगडी फुटली. विजयमालानं माझे दोन्ही हात धरून बांगड्या बघितल्या. लोकांना कामं नसतात.

निदान: उसण भरली आहे.

३० जुलै, बुधवार, सकाळी
घोटा जरा भरल्यासारखा. अपेक्षानं शाळेत जायच्या आधी माझाच तास घेतला. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळायचं नाही, पायावर भार द्यायचा नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवायचा, वर इलॅस्टिकची पट्टी बांधायची आणि पाय उशीवर उंच.

पाय उशीवर, आणि समोर देवघर. हेच शिकवतात वाटतं बीपीएडला. बर्फानं तर हाडात वात जातो हे लहान पोराला कळतं. आणि बर्फाच्या ट्रेमध्ये माझं हळदकुंकू, अष्टगंध असतं. ते कुठं काढून ठेवू.

वीट तापवून शेकलं.

३० जुलै, दुपारी
बाळंतिणींना तेल लावणाऱ्या नागव्वाला बोलावलं. ती म्हणाली, बाई, ह्ये लई सुजलंय, ह्याला हात लावायचा न्हाय. मी म्हटलं, शिकवू नकोस, लाव. तिनं करडईचं कोमट तेल घेऊन चोळलं. आता घोटा कोबीच्या गड्ड्याएवढा आणि रंगानं वांग्यासारखा. म्हणजे आतलं सगळं बाहेर येतंय. समाधानकारक प्रगती.

१ ऑगस्ट, शुक्रवार
उसण म्हटल्यावर पायाळू माणूस हवा. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेल्या माणसानं पाय लावला की उसण पळते, हे मॅट्रिकच्या पुस्तकात नसलं तरी खरं आहे. आमचा दूधवाला कोंडीबा पायाळू आहे. तो म्हणाला, वहिनी, म्या पाठीची उसण काढतो, पायाची कदी काढली न्हाय. मी म्हटलं, पाठीत भरते तर पायात का नाही भरणार. देहात भेदभाव करू नये.

त्यानं चप्पल काढून, नमस्कार करून, घोट्याला अंगठा टेकवला. एवढ्यानं काय होतंय. मी म्हटलं, कोंडीबा, संकोच करू नकोस, जोरात.

हे पेपर टाकून आतून धावत आले. मी देवाचा धावा करत होते, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, देवाला नावं ठेवत होतीस. कोंडीबा दूध न घालताच गेला. उसण मात्र निघाली असणार, कारण आता दुखणं वेगळं आहे.

४ ऑगस्ट, सोमवार
श्रावणी सोमवार. मला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं, अपेक्षानं रिक्षा हाडांच्या डॉक्टरकडे वळवली. फोटो काढला. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट थोडं फाटलंय, आणि तुम्ही ते चोळून, शेकून आणि... पुढचं त्यांनी विचारलं, मावशी, याला लाथ कुणी घातली. मी म्हटलं, तो उपचार होता. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. प्रभाव पडला.

स्पर्धेचं विचारलं, तर म्हणाले, घोटा सांगेल. नीट काळजी घेतली तर बघू, पुन्हा मुरगळला तर कायमचा ढिला होईल.

लक्षात ठेवायचा शब्द: ‘थोडं’.

इलॅस्टिकची पट्टी मी घेऊ दिली नाही. घरात जुन्या नऊवारीचे काठ धूळ खात पडलेत. जरीचा काठ बांधला. दिसतोही चांगला.

७ ऑगस्ट, गुरुवार
अपेक्षानं व्यायाम दिला. बसून पाय उचलायचा आणि अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. पायानं देवनागरी लिहिणं मला शोभणार नाही, त्यात देवाची नावं आहेत. म्हणून इंग्रजी काढली. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास होते, तरी G पर्यंत आले. पुढं कंटाळा आला. संध्याकाळी अपेक्षानं विचारलं, पूर्ण केली का. मी म्हटलं, हो. इंग्रजीत खोटं बोललं तर तेवढा दोष नसावा.

११ ऑगस्ट, सोमवार
बरं वाटतंय. स्वयंपाकघरात ओटा धरून झिम्मा करून पाहिला. झिम्म्याला दोन्ही हात लागतात. ज्वारीच्या पिठाचा डबा पडला, मी त्याच्यावर. डब्याला पोचा आला. यांना मांजर सांगितलं.

दुपारी विजयमाला शेंगापोळ्या घेऊन आली. पदर सावरत म्हणाली, वहिनी, राग मानू नका, पण शेवटच्या फुगडीला तुमच्या जागी अपेक्षाला घ्यावं म्हनते मी. पोरीचा पाय लई हलका हाय. मी म्हटलं, कॅप्टन जिवंत आहे. ती म्हणाली, जिवंत हाय म्हनूनच म्हनते.

पोळ्या चांगल्या होत्या. गूळ जरा जास्त.

१४ ऑगस्ट, गुरुवार
अपेक्षा म्हणाली, परीक्षा देऊ. काही न धरता नुसत्या उजव्या पायावर उभ्या राहा, एक आरती होईपर्यंत. राहिलात तर फुगडी तुमची. मी सगळ्यांत लहान आरती निवडली आणि पळवत म्हटली. दुसऱ्या ओळीला देवघराचा कोनाडा धरावा लागला. देवाचा आधार घेणं याला धरणं म्हणत नाहीत, पण ती पीटीची माणसं.

हे म्हणाले, सुनेचं ऐक की गं. घरातच फितुरी.

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी
निर्णय झाला. फुगडी मीच घालणार. आंबेहळदीचा लेप, वर जरीचा काठ घट्ट आवळून, वर नऊवारी. कुणाला कळणार नाही. देवीला सांगून ठेवलंय.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी
मंगल कार्यालयामागच्या अंगणात सगळ्या घोटे फिरवत होत्या. मी नाही. आमचं नाव पुकारलं तशी मी कॅप्टन म्हणून सगळ्यांच्या पुढं निघाले. स्टेजला तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर आवळून बांधलेला काठ सुटला, दुसऱ्या पायाखाली आला. फुगडी राहिली बाजूलाच, स्टेजवर मी हातांवर पोचले.

विजयमालानं क्षणात खुर्ची ओढली, पाय स्टुलावर ठेवला आणि माईकमधून सांगून टाकलं, ह्या आमच्या नाटकातल्या आजारी सासूबाई. लोक हसले. अपेक्षा खाली उतरून सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन आली, पदराच्या टोकात गुंडाळून घोट्याला बांधला आणि गेली रिंगणात. शेवटची फुगडी तिची आणि विजयमालाची. दोघींचे चेहरे दिसत नव्हते इतका वेग. मी खुर्चीतून सूचना देत होते. टाळ्यांत ऐकू गेल्या नाहीत.

पहिला नंबर आला.

घोट्याला गार वाटत होतं. दुखायचं थांबलं. बर्फानं नव्हे. श्रावणातल्या उपासांनी.

१९ ऑगस्ट, मंगळवार
डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. गणपतीत पाटावर बसता येणार नाही. मोदक विजयमाला करून देणार म्हणे, गूळ जास्त घालून.

पेपरात फोटो आला. मधोमध अपेक्षा आणि विजयमाला, दोघींच्या हातात ढाल, मागं बाकीच्या बायका. कॅप्टन म्हणून विजयमालाचं नाव छापलंय. उजव्या कोपऱ्यात स्टूल आहे आणि स्टुलावर माझा पाय. बाकीची मी कापली गेले.

कात्रण काढून देवघरात ठेवलं. जरीच्या काठामुळे पाय लगेच ओळखू येतो.

अपेक्षा शाळेतून आली की बर्फाच्या ट्रेमधलं कुंकू कुठं काढून ठेवायचं ते विचारणार आहे.